पोर्टवरची गाठ

अक्रमचा फोन आला तेव्हा मी फुजैराच्या बंदरात जेट्टीवर होतो, टँकर दोरांनी धक्क्याला बांधत होतो. जॉर्जियाच्या डोंगरात स्की करताना माझी बायको उर्मिला पडली होती. "वासुदेवभाई, आम्ही खाली आणलं वहिनींना... पण उशीर झाला," तो म्हणाला. मी दोर सोडला नाही. जहाज बांधून झालं, मग खाली बसलो.

चार वर्षांपूर्वी ती मला दुबईच्या मॉलमधल्या स्कीच्या कृत्रिम बर्फावर भेटली. मित्रांनी मला ओढून नेलं होतं. ती आणि तिचा सहकारी अक्रम डोंगरात जाणाऱ्यांना शिकवत होते — कुणाचा पाय मोडला तर त्याच्याच स्की आणि काठ्या दोराने बांधून घसरगाडी कशी करायची. पेशंट व्हायला कुणी तयार नव्हतं. तिने माझ्याकडे बोट केलं.

मी आडवा झालो. तिने हातमोजे काढून माझ्या छातीवर दोर आवळला. बोटं गार होती.

"ही गाठ ओढली की सुटेल," मी म्हणालो.

"सुटायलाच हवी. आणि पेशंटने बोलायचं नसतं."

"आमच्या पोर्टवर अशी गाठ मारली तर नोकरी जाईल."

"तुमच्या जहाजाला श्वास घ्यावा लागत नाही ना..."

घसरगाडी दहा पावलं गेली, गाठ सुटली, मी बर्फात लोळलो. ती हसत हसत खाली बसली. म्हणाली, शिकवा मग तुमची.

शिकवली. दर शुक्रवारी, अल नहदाच्या तिच्या फ्लॅटवर. एकदा तिने माझं मनगट खुर्चीला बांधलं.

"लग्नाला हो म्हणा — मग सोडते."

मी हो म्हणालो. तिला गाठ सुटेना. दोघांनी मिळून सोडवायला पाव तास लागला. तेव्हा आम्हाला हसू आलं होतं.

डोंगरातलं बाकीचं अक्रमने घरी येऊन सांगितलं. तिच्याच स्कीची घसरगाडी करताना कुठे काय बांधायचं ते पडल्या पडल्या तीच सांगत होती. छातीवरचा दोर बांधायची वेळ आली तेव्हा म्हणाली, वासुदेवची गाठ मारा, ती सुटत नाही. अर्ध्या वाटेत तिला श्वास घेता येईना. दोर भिजून गोठला होता. सुरी शोधून कापेपर्यंत दहा मिनिटं गेली.

आतून रक्तस्राव होता, दहा मिनिटांनी फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. अक्रम भेटला की हे दोनदा सांगतो. मला माहीत नाही.

कापलेला दोर त्याने आणून दिला. तो टेबलावर आहे. आता कोरडा झालाय. गाठ मी अजून सोडवलेली नाही.