सात नंबरचा अलार्म

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. तंजावरात घडलेली ही गोष्ट माझ्या मैत्रिणीनं, अखिलानं, मला भर दुपारी सांगितली. सांगताना तिनं फोन दुसऱ्या खोलीत ठेवला होता.

गेल्या आडी महिन्यातली, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणातली गोष्ट.

अखिला तिच्या मामांच्या, वेंकटरावांच्या, छोट्या कंपनीत कामाला होती. हॉस्पिटलात पेशंटच्या उशाशी मॉनिटर असतात ना, त्यांचं सॉफ्टवेअर तिथं बनतं. कोडमधली कुठली दुरुस्ती कुठल्या व्हर्जनमध्ये गेली, हे बघणं तिचं काम.

तिचे वडील, अप्पा, तंजावरजवळच्या पापनाशमच्या एका हॉस्पिटलात होते. एका पहाटे लाइट गेली, मामांच्याच सॉफ्टवेअरवर चालणारा मॉनिटर बॅटरीवर आला...

अलार्म वाजलाच नाही.

अप्पा गेले.

मामांनी खापर भुवना नावाच्या नर्सवर फोडलं. बॅटरीवर अलार्म बंद पडायचा, त्याची दुरुस्ती तिथल्या सातव्या व्हर्जनमध्ये आहे, म्हणजे तो वाजलाच असणार, हीच झोपली असेल, असं त्यांचं म्हणणं. बिचारीची नोकरी गेली.

अखिलानं शोधून काढलं. दुरुस्ती कोडमध्ये जमा झाली होती खरी, पण सातवं व्हर्जन त्याच्या आदल्याच दिवशी हॉस्पिटलांना द्यायला वेगळं काढलेलं. दुरुस्ती गेली ती थेट आठव्यात. आणि आठवं अजून एकाही हॉस्पिटलात बसवलं नव्हतं.

हॉस्पिटलांना जाणारा रिपोर्ट लिहायच्या आधी तिनं ते मामांना दाखवलं. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"सात लिही. अवघ्या हॉस्पिटलांस तेंच सांगटलों मी."

तेवढ्यात लाइट गेली.

आणि ऑफिसातल्या फळीवरचा, चाचणीसाठी ठेवलेला जुना मॉनिटर वाजू लागला...

त्यात सातवं व्हर्जन होतं. बॅटरी तर काढून टेबलावर ठेवलेली.

सगळं ऑफिस उठून उभं राहिलं. मामा तेवढे बसून होते. काय झालं, म्हणून सगळ्यांना विचारत होते.

त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

अखिलानं रिपोर्टात 'आठ' लिहिलं. मामांनी त्याचं 'सात' केलं आणि रिपोर्ट तिच्याच नावानं पाठवून दिला. मग आठवं बसवायची गरज कुणाला वाटणार?

महिन्याभरात छातीत दुखतं म्हणून मामा स्वतःच ॲडमिट झाले. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"अखिला, करंट गेलं इथं. ह्या मॉनिटरांत ती दुरुस्ती आहे की नाही?"

"व्हर्जन कुठलं, मामा?"

"सात."



"तुम्हीच लिहिलंत ना, आहे म्हणून."

"मग अलार्म कां वाजेना?"



मामांच्या आवाजामागे अलार्म वाजत होता... अगदी स्पष्ट.

तिनं घाईघाईनं तिथल्या नर्सला फोन लावला. नर्स म्हणाली, इथं तर सगळं शांत आहे. नर्स मामांच्या खोलीत पोचली तोवर उशीर झाला होता.

त्यानंतर अखिलानं एकेका हॉस्पिटलाला स्वतः कळवलं. उत्तर एकच येतं. दुरुस्ती सातमध्ये आहे, रिपोर्टाखाली तुमचंच नाव आहे.

अजूनही लाइट गेली की तिला अलार्म ऐकू येतो...

कुठल्या हॉस्पिटलातला, तेवढं कळत नाही.