पुरेशी ओळख

एवढी वाढवली, बोलायला शिकवली, आणि आता बाईसाहेब घरात तोंड उघडत नाहीत! मैनेच्या या वागण्याने आत्याचं डोकं नुसतं भणभणत होतं. लहानपणी अखंड बडबडायची म्हणून तर मैना हे नाव पडलं. भाऊ-भावजय गेल्यावर त्या बडबडीनेच घर भरून राहिलं होतं. आणि आता? ‘जेवलीस का?’ तर मान हलवायची. ‘बरं नाही का?’ तरी मानच हलवायची.

मैना न्यायाधीशबाईंकडे लॉ क्लार्क होती. म्हणजे खटल्याचे कागद आधी वाचायचे, जुने निकाल धुंडाळायचे, आणि बाई सांगतील तसा निकालाचा कच्चा मसुदा करून द्यायचा. कामातलं ती घरी काढायची नाही, आणि ते आत्यालाही मान्य होतं. पण माणसांच्या गमती सांगायची. त्या वकिलाची गंमत तर तिने हातवारे करून सांगितली होती.

झालं असं, की एका सकाळी मैनेच्या टेबलापाशी एक तरुण वकील धापा टाकत आला. गळ्याशी लावायची पांढरी पट्टी हातात, तिचा बंद तुटलेला, आणि आत त्याचा पुकारा व्हायला आलेला.

“एक टाचणी मिळेल?”

टाचणी नव्हती. मैनेने स्टेपलर उचलला. “मान वर करा. हलू नका, गळ्याला लागेल.”

“तुम्ही न्यायाधीशांकडे असता की शिंप्याकडे?”

“जिथे असते, तिथे उगाच बोलणाऱ्याला बाहेर काढतात.”

खटाक! पट्टी कॉलरला बसली, आणि वकील दोन क्षण तसाच मान वर करून उभा... जणू आणखी एक पिन मारायची राहिली होती.

मग तो कॅन्टीनमध्ये दिसू लागला. मग चहा. मग बसथांब्यापर्यंत सोबत.

“पिन अजून कॉलरला तशीच आहे हं,” तो म्हणायचा.

“काढा की मग.”

“काढली तर तुम्हाला दाखवायला काय आणू?”

हे सगळं घरी येऊन सांगताना पोरीचे गाल असे काही व्हायचे, की आत्या मुद्दाम पाठ करून भांडी लावत बसायची. हसू दिसू नये म्हणून. त्याचं नाव तिने पिनवाला ठेवून टाकलं होतं. ‘आज पिनवाला काय म्हणाला?’ हा संध्याकाळचा ठरलेला प्रश्न.

आणि एकाएकी सगळं बंद. पिनवाल्याचं नाव नाही, हसणं नाही, काही नाही.

शेवटी वाळलेले कपडे आत आणताना आत्याने तिला खिंडीत गाठलं. “भांडलात का? सोडून गेला का मेला? काय ते एकदा बोलून टाक.”

मैनेने चादरीचं दुसरं टोक धरलं. “त्याची एक केस आमच्या बाईंसमोर आली आहे, आत्या.”

“मग चांगलंच झालं की. रोज दिसेल.”

“चांगलं काय! त्या केसचे कागद माझ्याकडेच येणार. वकील माझ्या... माझ्या ओळखीचा असेल, तर मला बाईंना तसं सांगायला हवं. लपवलं आणि उद्या बाहेर आलं, तर माझी नोकरी जाईल, आणि बाईंच्या निकालावर बोट ठेवलं जाईल ते वेगळंच.”

“मग सांग.”

“काय सांगू?” मैनेचा आवाज चिरकला. “नुसती ओळख आहे म्हटलं तर ते खोटं. आणि त्याहून जास्त म्हणू कशाच्या जोरावर? त्याने काही विचारलं नाही, मी काही बोलले नाही. बाईंना काय सांगायचं ते ठरेपर्यंत मी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. त्याला वाटतंय मी तोडून टाकलं. परवा जिन्यात भेटला, तर मी भिंतीकडे बघत उतरले.”

“तुला आवडतो ना तो?”

मैनेने चादरीची घडी आत्याच्या हातात कोंबली आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आत्याने ठेवणीतली साडी नेसली आणि थेट कोर्ट गाठलं. खुल्या कोर्टात कुणालाही बसता येतं, हे मैनेनेच कधीतरी सांगितलेलं. मागच्या बाकावर बसून तिने चष्मा पुसला. उंचावर न्यायाधीशबाई. त्यांच्या खाली, बाजूच्या टेबलाशी मैना, कागदात नाक खुपसून. आणि समोर उभा असलेला तो काटकुळा... कॉलरला बारीकसं काहीतरी चमकत होतं. हाच! केस एका सलूनवाल्याची, दुकानाच्या जागेची होती. पण पिनवाल्याचे डोळे सारखे बाजूच्या टेबलाकडे. आणि मैना? दगड.

“काय गं बाई ही!” आत्या जरा मोठ्यानेच म्हणाली. शिपायाने ओठांवर बोट ठेवलं. आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने बोट खाली घेतलं.

न्यायाधीशबाईंनी पेन ठेवलं. “सुरू करण्याआधी एक सांगायचं आहे. माझी क्लार्क या प्रकरणावर काम करणार नाही. एका बाजूच्या वकिलांना ती ओळखते, असं तिने आज सकाळी मला सांगितलं.”

पिनवाल्याची मान खाली गेली. समोरचे म्हातारे वकील उठले. “माफ करा, पण ओळखते म्हणजे... कितपत?”

“तोच प्रश्न मीही विचारला. तिचं उत्तर तिच्या परवानगीनेच सांगते.” बाईंचा आवाज तारीख देताना असावा तसाच कोरडा. “ती म्हणाली, या वकिलांच्या विरुद्ध मसुदा लिहावा लागला, तर माझा हात थरथरेल. आणि त्यांच्या बाजूने लिहिला, तर माझा माझ्यावरच विश्वास राहणार नाही. मला ही ओळख पुरेशी वाटली. तुम्हाला?”

“भरपूर झाली,” म्हातारे वकील खाली बसत म्हणाले.

“आणि तुमची काही हरकत?” बाईंनी पिनवाल्याला विचारलं.

तो उभा राहिला. हातातले कागद खाली पडले. “हरकत... नाही. मुळीच नाही. कशालाच नाही.”

सगळं कोर्ट हसलं. मैना उठली, आपले कागद गोळा केले, आणि जाता जाता तिने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. नीट, डोळे न चुकवता. आत्याला उगाचच चष्मा पुन्हा पुसावा लागला.

पुढची तारीख पडली आणि पिनवाला जवळजवळ धावतच बाहेर आला. मैना खिडकीपाशी उभी होती.

“मला वाटलं, तुम्ही रागावलात.”

“राग असता तर सोपं होतं. रागाचं बाईंना सांगावं लागत नाही.”

“पण मला का नाही सांगितलंत?”

“तुम्ही तरी कुठे विचारलंत?”

“मी रोज विचारत होतो...” त्याने कॉलरला हात लावला. “ही उगाच ठेवली होती का?”

मैना हसली. ते तिचं जुनं, खळखळून येणारं हसू. अन् हसता हसता तिला खांबाआडून पुढे येणारी साडी दिसली.

“आत्या! तू इथे?”

आत्याने आधी पिनवाल्याला डोक्यापासून बुटापर्यंत न्याहाळलं. तो पाठ ताठ करून उभा राहिला. न्यायाधीशबाईंसमोरही इतका ताठ नव्हता.

मग ती मैनेकडे वळली.

“माझा निकाल ऐक, मैने. यावर अपील नाही. मनातलं आधी बाईंना सांगितलंस, मग भरल्या कोर्टाला कळलं, मग याला, आणि मी विचारलं तर माझ्या हातात चादर कोंबलीस! याला माफी नाही. रविवारी याला जेवायला घेऊन यायचं. खटल्यातलं अवाक्षर माझ्या घरात काढायचं नाही, बाकी वाट्टेल ते बोला. पण बोला! पोटभर बोला, मोठ्याने हसा. फार दिवस घर गप्प बसलंय गं माझं.”