रिंगवरचा रिकामा डबा

ही गोष्ट खरी आहे. पटली तर ठेवा, नाही तर सोडून द्या. मला कुणाला पटवत बसायची हौस नाही.

जिच्या बाबतीत हे घडलं, तिच्या शेजारी उभी राहून मी कित्येक वर्षं बटाटे सोललेत. रमोना तिचं नाव. बर्लिनमधल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी कामाला. तोंडाची फटकळ, हाताची चोख, आणि नाक असं तिखट की दूध नासायच्या आधी तिला कळायचं. घाणीचा तिला भयंकर तिटकारा. मीही तशीच, म्हणून तर आमचं जमलं.

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार होता. मृतांचा रविवार. त्या दिवशी सगळे कबरस्तानात जातात, बर्फ पडायच्या आत कबरीवर फरच्या झाडाच्या फांद्या अंथरून येतात. रमोनाही आईच्या कबरीपाशी होती. दिवस कलला होता. हाताला लागलेला फांद्यांचा डिंक ती तोंड वाकडं करून रुमालाने घासत होती.

तेवढ्यात फोन वाजला.

मिर्को होता. लांड्सबर्गर अले स्टेशनवर त्याचं पाव-कॉफीचं दुकान आहे.

"रमोना, तुझा म्हातारा आज उतरला नाही गं."

"बघ नीट. गर्दीत दिसले नसतील."

"मी काय आज बघतोय त्यांना? दर रविवारी उतरतात, माझी कॉफी पितात आणि वर तिलाच नावं ठेवतात. आजची कॉफी गार होऊन गेली. मी रेल्वेवाल्यांना कळवलंय. तू ये."

म्हातारा म्हणजे रमोनाचे वडील, लोथार. ऐंशी उलटलेले. आयुष्यभर न्हाव्याचं दुकान चालवलेला माणूस. बायको गेल्यापासून डोकं चालेनासं झालं होतं. जेवलो की नाही तेही आठवायचं नाही. पण रविवारी दुपारी रिंगवर एक चक्कर मारायची, हे मात्र ते विसरत नसत.

रिंग म्हणजे शहराभोवती गोल फिरणारी लोकल. तिला शेवटचं स्टेशन नाही. जिथे चढलात तिथेच तासाभराने परत येता. म्हणून आम्ही बर्लिनचे लोक म्हणतो, रिंगवर कुणी हरवत नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांना खुशाल बसवून देतो आणि आपल्या कामाला लागतो.

रमोनानेही तेच केलं होतं.

लोथारना साखरेचा आजार होता. दुपारचं इंजेक्शन घेऊन ते निघाले होते आणि ब्रेडचा डबा ओट्यावरच राहिला होता. पोटात वेळेवर काही गेलं नाही की ते बसल्या जागी कोसळत. गेल्या वर्षी थोडक्यात वाचले होते. रमोना धावतच स्टेशनवर पोचली.

मिर्कोने न विचारता एक गोड पाव तिच्या हातात कोंबला.

"खिशात ठेव. सापडले की आधी हा त्यांच्या तोंडात घाल. रडारड नंतर."

प्लॅटफॉर्म गच्च भरला होता. कबरस्तानातून परतणारे, बाजारातून परतणारे, काळे कोट, ओल्या छत्र्या. माणसाला माणूस चिकटलेला.

फक्त एका ठिकाणी… मोकळी जागा होती.

चार-पाच माणसं सहज मावली असती एवढी. तिथे कुणीच उभं नव्हतं. लोक येत, त्या जागेपर्यंत पोचत, नाक मुरडत आणि वळसा घालून पुढे जात.

"तिथे काय सांडलंय?" रमोनाने विचारलं.

"काही नाही," मिर्को म्हणाला. "शुक्रवारपासून असंच चाललंय. मी दोनदा फिनाइल ओतलं. जात नाही."

गाडी आली.

सगळे डबे खच्चून भरलेले. खिडक्यांना गाल चिकटलेले. आणि त्या मोकळ्या जागेसमोर येऊन थांबलेला डबा…

पूर्ण रिकामा.

आत दिवे लख्ख. एकही डोकं दिसत नव्हतं.

आमच्याकडे ह्याचा अर्थ पोरासोरांनाही कळतो. थंडीत ज्यांना घर नसतं ते ऊब मिळावी म्हणून रिंगवर बसून राहतात. महिनोन् महिने अंगाला पाणी नाही, पायाच्या जखमा चिघळलेल्या. असा एखादा बसला की अख्खा डबा ओस पडतो. कुणी त्याला हाकलत नाही, कुणी काही बोलतही नाही. आपण सभ्य माणसं. मुकाट उतरायचं, पुढच्या डब्यात शिरायचं आणि खिडकीबाहेर बघायचं. मी शंभर वेळा केलंय.

दार उघडलं आणि भपकारा आला. ओली लोकर, आंबलेला घाम, शिळी लघवी, आणि त्या सगळ्याखाली काहीतरी गोडसर… बंद फडताळात कुजलेल्या नाशपातीसारखं. रमोनाला उमासा आला. तिने मफलर नाकावर दाबला, दारातूनच आत नजर टाकली. कुणी नव्हतं. ती शेजारच्या डब्यात चढली.

सगळे डबे तिने पालथे घातले. हाका मारल्या. लोथार नव्हते. पुढच्या स्टेशनवर उतरून तिने मागची गाडी धरली.

त्या गाडीतही एक डबा रिकामा होता.

तोच. पुढून तिसरा. तीच कुजकी नाशपाती. रमोनाने पुन्हा नाक दाबलं आणि उरलेली गाडी शोधली.

ट्रेप्टोवर पार्कला तिसरी गाडी आली. पुढून तिसरा डबा…

रिकामा.

घाणेरडा माणूस एका गाडीत असेल, दोन गाड्यांत असेल. प्रत्येक गाडीत, त्याच डब्यात कसा असेल?

बाबागाडी घेतलेली एक बाई त्या दारातून घाईघाईने मागे फिरली.

"तिकडे नका जाऊ हो. आत कुणीतरी आहे."

"कोण आहे?"

"बघितलं नाही."

"मग कशावरून?"

"वास येतोय की." बाई चिडूनच म्हणाली. "असल्यांकडे बघायचं कशाला?"

रमोना तिथेच थबकली.

कुणीच बघितलं नव्हतं. तिनेही नाही. दारातून नाक दाबून टाकलेली नजर म्हणजे काही बघणं नव्हे.

ती चढली. मागे दार बंद झालं.

आत उकडत होतं. खिडक्या आतून वाफेने धुरकटल्या होत्या, गच्च भरलेल्या डब्याच्या होतात तशा. बुटाचा तळ जमिनीला चिकटत होता. प्रत्येक पावलाला चप्प… चप्प… आवाज. एका काचेवर कुणीतरी डोकं टेकल्याचा डाग होता. ओशट, पिवळा, बशीएवढा. त्यात दोन केस चिकटलेले.

आणि मग तिला ऐकू आलं…

खर्र… खर्र…

डब्याच्या टोकाकडून. थांबून थांबून.

खर्र…

हा आवाज ती लहानपणापासून ओळखत होती. गुंतलेल्या केसांतून कंगवा ओढल्याचा.

टोकाच्या बाकावर लोथार बसले होते. टोपी मांडीवर, कोटाच्या बाह्या दुमडलेल्या. चेहरा पांढराफटक, कपाळावर घामाचे थेंब. समोरचा बाक रिकामा होता. त्या रिकाम्या बाकाकडे झुकून ते हवेतच कंगवा फिरवत होते.

हवेत कंगवा अडकत नाही. हा अडकत होता. लोथार जोर लावत, कंगवा खर्रकन खाली येई, आणि त्याच्या दातांत राखाडी केसांचा ओला गोळा असे. तो बोटांनी उपसून ते खाली टाकत. त्यांच्या पायाशी असे कितीतरी गोळे पडले होते. रमोनाने एकाकडे बघितलं.

त्यात काहीतरी वळवळत होतं.

"पप्पा, उठा," ती कशीबशी म्हणाली.

"आलीस होय, मोने?" लोथारनी मान वर केली नाही. "दोनदा गेलीस समोरून. मी हाक मारली तुला."

"मला नाही ऐकू आली. उठा बघू. तुमची साखर उतरलीय. हात बघा कसे थरथरतायत."

"थांब गं. गिऱ्हाईक अर्धवट सोडून उठतात का कुठे? ह्यांच्या डोक्याला कुणी हातच लावलेला नाही, किती दिवस झाले देव जाणे. मी म्हटलं, मी न्हावी आहे, मला कसली आलीय घाण." ते समोर बघून अदबीने म्हणाले, "माझी मुलगी. जरा फटकळ आहे, पण मनाने चांगली."

समोरचा बाक करकरला. कुणीतरी वळून बसल्यासारखा.

"पप्पा, तिथे कुणी नाहीये."

"हेही तेच सांगत होते, सगळे असंच म्हणतात." लोथारांची जीभ जड व्हायला लागली होती. "मागची बाजू राहिलीय फक्त. मानेपाशी जट झालीय. तू डोकं धर, म्हणजे दोन मिनिटांत होईल. धरलंस तर येतो. नाही तर नाही."

तो हट्टी माणूस उठला नसता. रमोनाला ते पक्कं ठाऊक होतं. गाडी पळत होती आणि त्यांचे ओठ निळे पडत चालले होते.

तिने मफलर सोडला. दोन्ही हात पुढे केले…

आणि हाताला डोकं लागलं.

गरम. जड. तेलात बुडवून काढल्यासारखं बुळबुळीत. बोटांखाली खपल्या होत्या, त्यातली एक सुटून तिच्या नखाखाली गेली. डोकं तिच्या तळहातांत हळूच टेकलं, थकलेलं पोर आईच्या कुशीत टेकतं तसं. त्याने एक लांब श्वास सोडला. तो ओला श्वास तिच्या मनगटावर आला.

खर्र…

लोथारांनी कंगवा मानेपाशी घातला. जट हलली. तिच्याखालून पातळ, कोमट असं काहीतरी रमोनाच्या बाहीत ओघळलं.

ती किंचाळली आणि तिने हात सोडले.

काचेवर डोकं आदळल्याचा आवाज आला. धाडकन.

गाडी स्टेशनात शिरत होती. रमोनाने बापाची कॉलर धरली, त्यांना फरफटत दारापर्यंत आणलं, बटण दाबलं आणि दोघं प्लॅटफॉर्मवर पडली. लोक बाजूला सरकले. रिकाम्या डब्यातून दोन माणसं कुठून आली, असं कुणीही विचारलं नाही.

"राहिलं ना अर्धं," लोथार पुटपुटले. "आता ते कुणाकडे जाणार?"

रमोनाने त्यांच्या तोंडापुढे पाव धरला. तो त्यांनी तिच्या हातून घेतला आणि त्याच बोटांनी तोडून खाल्ला. नखांत ते केस तसेच होते. रमोना खांब धरून ओकली.

लोथार वाचले. आता ठणठणीत आहेत.

रमोनाने त्या रात्री हात व्हिनेगरने धुतले, मग मिठाने, मग भांडी घासायच्या तारेने. सोमवारी कामावर आली तेव्हा तळहात सोलवटलेले होते. तिने मला हे सगळं सांगितलं, अगदी असंच. मग हात माझ्या नाकाशी धरले.

"खरं सांग. येतो का वास?"

"नाही," मी म्हणाले.

येत होता.

तिला स्वतःला येत नव्हता, हेच विचित्र. एवढं तिखट नाक, पण स्वतःचा वास मात्र येत नव्हता. ट्रामच्या बाकावर ती बसली की शेजारचा उठायचा. शाळेची पोरं ताटं घेऊन दुसऱ्या खिडकीशी रांग लावायची. कुणी काही बोललं नाही. मीही नाही. एक दिवस मी माझी सुरी उचलली आणि पलीकडच्या बेसिनपाशी जाऊन उभी राहिले. तिने बघितलं. ती बटाटे सोलत राहिली.

नाताळच्या आधीच्या सोमवारी ती मला म्हणाली, "काल रिंगवर तू माझ्यासमोर उभी होतीस. मी दोनदा हाक मारली. तू मफलर नाकाला लावलास आणि उतरलीस."

मला तो डबा आठवत होता. शपथेवर सांगते, डबा रिकामा होता.

"मी नव्हतेच काल रिंगवर," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तिने मान हलवली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. निदान मला तरी काही ऐकू आलं नाही.

सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी आमची मुख्य स्वयंपाकीण आत आली. "रमोना आली नाही का?"

मी वळून बघितलं. तिच्या बेसिनपाशी कुणी नव्हतं. पण बादली बटाट्यांनी काठोकाठ भरली होती. सोललेले, डोळे काढलेले, पांढरे स्वच्छ. बाजूला सालींचा ओला ढीग. आणि तो वास.

मी तिच्या घरी फोन लावला. लोथारनी उचलला.

"मोनी? ती तर कामाला गेली की सकाळीच. तुझ्याशेजारीच असेल बघ."

मी फोन ठेवला. मुख्य स्वयंपाकीण माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. दोघींनीही एप्रनचं टोक नाकावर धरलं होतं.

मग आम्ही बादली दोन्ही बाजूंनी धरली आणि ते बटाटे कचऱ्यात ओतून दिले.