पुसता येणारी तीट

शाल्मली मिरजेला पोचली तेव्हा तिची आई, वंदनाताई, वाटाण्याच्या शेंगा सोलता सोलता नवऱ्याला जेवताना बघत होत्या. नवरा जाऊन वीस-पंचवीस वर्षं झाली होती. मोबाइल डब्याला टेकवून उभा केला होता आणि त्यात बाबा पंगतीला बसून श्रीखंडपुरी खात होते, मधेच वर बघून हसत होते.

यात आता कुणाला नवल वाटत नसे. 'चित्रवेल' नावाचं ॲप घरोघरी पोचलं होतं. आपण बोलायचं, आठवण सांगायची, असतील नसतील ते फोटो दाखवायचे. चहाला उकळी येईपर्यंत हलतंबोलतं दृश्य तयार. तेही फुकट. फुकटात कंपनीचं पोट कसं भरतं हे शाल्मलीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण ती युक्ती तिच्याच डोक्यातून निघाली होती.

पहिली झलक दाखवताना मोबाइलचा पुढचा कॅमेरा बघणाऱ्याची नजर कुठे रेंगाळते ते टिपायचा. जिथे ती सगळ्यात जास्त रेंगाळे, नेमकी तिथेच पुढच्या चित्रफितीत मुद्दाम एक बारीकशी चूक ठेवली जाई. बाळाच्या गालाला काजळाचा ठिपका लावतात ना, तशी. म्हणून ऑफिसात तिला तीट म्हणत. माणसाला ती खटकायची, खाली 'सुधारा' असं बटण लुकलुकायचं, माणूस पैसे भरायचा आणि तीट पुसली जायची. या कल्पनेने शाल्मलीला बढती मिळाली होती. खोटं कशाला बोला, तिला तिचा अभिमानही होता.

सुट्टीला येऊनही तिचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. दर दोन मिनिटांनी ती ऑफिसचे आकडे उघडत होती. तेवढ्यात तिची नजर बाबांच्या हाताकडे गेली. ते उजव्या हाताने जेवत होते.

"आई, हे चुकलंय. बाबा डावरे होते."

"कोण, हे? छे ग. डावरा तो तुझा सुधाकरकाका."

"अगं, पंगतीत कायम डाव्या टोकाला बसायचे ना, शेजारच्याला कोपर लागू नये म्हणून?"

"टोकाला बसायचे ते भिडस्त म्हणून." वंदनाताई उठल्या आणि लग्नाचा अल्बम घेऊन आल्या. "हे बघ, मला घास भरवतायत. कोणता हात आहे?"

हात उजवा होता. शुभकार्यात डावा हात नको म्हणून गुरुजींनी त्या दिवशी बाबांना दटावलं होतं, ही गोष्ट वंदनाताईंनीच लेकीला कितीदा हसत हसत सांगितली होती. आता त्यांच्या चेहऱ्यावर त्या हसण्याचा मागमूसही नव्हता.

शाल्मलीला ऑफिसातला एक आलेख आठवला. जे पैसे भरत नाहीत त्यांची नजर काही आठवड्यांनी तिटेवर अडखळायची थांबते, असं तो दाखवायचा. कंपनी त्याला गळती म्हणे आणि बटण आणखी लवकर दाखवी. लोक कंटाळत असतील, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं, तिने तर सर्वांत आधी. लोक कंटाळत नव्हते. चित्र दुरुस्त करायला पैसे पडतात, म्हणून त्यांचं मन बिचारं आठवणच दुरुस्त करून मोकळं होत होतं. आणि असे लोक कोट्यवधी होते.

तिने लॅपटॉप उघडला आणि आपल्या अधिकारात आईच्या चित्रफितीवरची तीट पुसून टाकली. बाबांनी डाव्या हाताने पुरी मोडली. ते बघून शाल्मलीला इतकं बरं वाटलं की तिचे डोळे भरून आले.

वंदनाताईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "हे कोण बसलंय?"

"बाबा."

"हे असे नव्हते. तू काहीतरी बिघडवून ठेवलंस."

मग शाल्मलीने शेवटचा उपाय केला. आठवण सांगताना आई जे बोलली होती, ते ध्वनिमुद्रण कंपनीकडे होतं. तिने ते लावलं. वंदनाताईंचाच हसरा आवाज खोलीत घुमला. "हे डावरे होते हं. सासूबाई किती ओरडायच्या, पण ह्यांचा घास डाव्या हातानंच."

वंदनाताईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि टरफलं गोळा केली.

"आवाजसुद्धा करता येतो ना तुम्हाला आता," त्या म्हणाल्या.

"आई, मी तुला फसवीन का?"

"तू कशाला फसवशील? पण यंत्राचं काय सांगावं, बाई."

इकडे मोबाइलने आपलं काम चोख बजावलं. वंदनाताईंची नजर डाव्या हातावर अडखळतेय हे त्याने टिपलं आणि खाली बटण लुकलुकू लागलं: काही खटकतंय? सुधारा. वंदनाताईंनी आजवर या ॲपला छदामही दिला नव्हता. आता त्यांनी पैसे भरायला अंगठा टेकवला. बाबांचा डावा हात मांडीवर गेला आणि उजव्याने पुरीचा तुकडा मोडला.

"बघ, आता कसे आपले वाटतात," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडावरचं समाधान बघून शाल्मलीने लॅपटॉप मिटला.

बाबा गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पाटीवर श्री गिरवताना त्यांनी तिचा हात धरला होता, ते तिला लख्ख आठवायचं. तिने डोळे मिटले आणि तो हात शोधू लागली. तिला दोन हात दिसले, एक डावा, एक उजवा. त्यातला बाबांचा कोणता आणि तिने स्वतः बनवलेला कोणता, हे आता ती कुणाला विचारणार होती?