चव्वेचाळीस-सतरा नंबरचा सेट

नेत्रा भोईर भूतखेत मानत नव्हती, पण गुरुवार मानायला लागली. त्याची ही गोष्ट. घाई करू नका, सगळं क्रमाने सांगतो.

डिसेंबरातल्या एका सोमवारी ती अंबरनाथ एमआयडीसीतल्या ऑफिसातून स्कूटर काढून सोनिवलीला निघाली. काम तसं किरकोळ. दिशासंपर्क नावाच्या कंपनीत ती तंत्रज्ञ. राज्यभर पसरलेल्या एका आणीबाणीच्या बिनतारी जाळ्याची आपल्या भागातली देखभाल त्यांच्याकडे. म्हणजे टॉवर, माणसांकडचे वॉकीटॉकी सेट आणि गावोगावचे भोंगे. कुठे कारखान्यातून वायू सुटला की कंट्रोलरूममधून बटण दाबायचं. सोनिवलीच्या देवळामागचा भोंगा कोकलतो आणि माणसं ओल्या फडक्याने नाक-तोंड झाकून मोकळ्यावर निघतात. भोंगा जिवंत आहे ना, हे बघायला रोज सकाळी दहाला तो पाच सेकंद वाजवायचा. तर तक्रार अशी होती की अधूनमधून तो वाजतच नाही.

दुसरं कुठलं गाव असतं तर नेत्राने दोन स्क्रू पिळून कागदावर सही घेतली असती. पण सोनिवलीत तिचे वडील राहायचे. बुधाजी भोईर. शेती विकली, बांधावर सात मजली इमारत उभी राहिली, तरी म्हातारा जुन्या घरातून हलेना. दम्याने छाती भात्यागत घरघरायची, दहा पावलं चालले की बसायचे. दोन वर्षांपूर्वी वायू सुटला तेव्हा मरता मरता वाचले होते. पुन्हा तसं झालं आणि भोंगा मुका राहिला तर बाबा वाचणार नाहीत, हे तिला लख्ख ठाऊक होतं. म्हणून ती जीव तोडून शोधत होती.

अँटेना बघितला, वायर बघितली, बॅटरी बदलली. टॉवरचा सिग्नल इतका जोरकस, की चारही दांड्या भरलेल्या. दहाला भोंगा वाजला. मंगळवारी वाजला, बुधवारी वाजला. गुरुवारी ती समोर उभी होती, सिग्नल तोच, दांड्या त्याच, आणि भोंगा ढिम्म. तिने कंट्रोलरूममधल्या कमलेशला फोन लावला आणि सहा महिन्यांच्या नोंदी काढायला लावल्या.

"सगळे चुकलेले दिवस गुरुवार आहेत," कमलेश म्हणाला. "उपास असेल भोंग्याचा."

"गंमत बाजूला ठेव. सोनिवलीच्या टॉवरखाली आपले सेट किती?"

हा प्रश्न तिने का विचारला ते समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. या जाळ्यातला टॉवर म्हणजे शेअर रिक्षावाला. सोनिवलीचा एकतरी पॅसेंजर बसल्याशिवाय रिक्षा सोनिवलीकडे वळत नाही. तसंच, टॉवरखाली आपल्या गटातला एकतरी सेट हजर असल्याशिवाय टॉवर त्या गटाचं बोलणं, आणि त्यातूनच येणारा भोंग्याचा हुकूम, तिथे आणतच नाही. सेट चालू केला की तो टॉवरला आपला नंबर कळवतो, मी आलो म्हणून. भोंगा बिचारा नुसता कान. तो काही कळवत नाही. दुसऱ्या कुणाच्या हजेरीवर तो ऐकतो.

"एकपण नाही," कमलेश म्हणाला. "ती पोस्टच बंद आहे दोन वर्षं, माणूसच नाही तिथे."

नेत्राने फोन ठेवला. चार दिवस ती उलट्या बाजूने शोधत होती. गुरुवारी भोंगा का वाजत नाही, हे कोडं नव्हतंच. बाकीचे सहा दिवस तो वाजतो कसा, हे कोडं होतं.

शुक्रवारी सकाळी तिने पुन्हा फोन केला. "आत्ता बघ. टॉवरखाली कोण आहे?"

कीबोर्डचा आवाज आला. मग तोही थांबला.

"चव्वेचाळीस-सतरा," कमलेश हळूच म्हणाला. "नेत्रा... हा हरिचंद्रचा सेट आहे."

हरिचंद्र हा सोनिवलीच्या पोस्टवरचा माणूस. गावचाच. दोन वर्षांपूर्वी वायू सुटला तेव्हा वीज गेलेली, भोंग्याला त्या वेळी बॅटरी नव्हती, म्हणून तो बंद. तेव्हा हा सेट कमरेला लावून घरोघर दारं बडवत फिरला. बुधाजींना पाठीवर घेऊन बाहेर आणलं ते यानेच. आणि त्याची एक रीत होती. धोका आला की सगळ्या गावाला देवळाच्या ओट्यापाशी जमवायचं, वही उघडायची आणि एकेक नाव घ्यायचं. ज्याचं "हजर" येणार नाही, त्याला शोधायला जायचं. सापडेपर्यंत परत यायचं नाही. त्या दिवशी तीन नावं आली नाहीत. हा पुन्हा धुरात शिरला. तिघं वाचली. हरिचंद्र स्वतः मात्र तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलातच वारला. सेट काही सापडला नाही, आणि त्याच्या जागी माणूसही कुणी नेमला नाही.

आता सेट कुणाला सापडला असेल, कुणी वापरत असेल, असंच कुणीही म्हणेल. नेत्राही म्हणाली. पण कुठलाही सेट वापरायचा तर रोज चार्ज करावा लागतो, आणि त्याचा चार्जर दोन वर्षं ऑफिसच्या कपाटात धूळ खात पडला होता. तिने दिशा दाखवणारा अँटेना हातात धरला आणि भर दुपारी गावातून चालत निघाली. चव्वेचाळीस-सतरा दर काही मिनिटांनी टॉवरला आपला नंबर कळवत होता. प्रत्येक वेळी तिच्या मीटरचा काटा थोडा अधिक वर चढायचा. देवळाच्या ओट्यापाशी तो शेवटाला जाऊन टेकला.

ओटा रिकामा होता. खाली एक कुत्रं झोपलं होतं. हवेत मात्र वास होता, ओल्या फडक्याचा, कोंदट. नेत्राने ओट्याखाली वाकून बघितलं, फरश्या ठोकून बघितल्या. घाबरायच्या आधी कारण शोधायचं, ही तिची सवय. कारण सापडलं नाही. कुत्रं उठलं, ओट्याकडे बघून शेपूट हलवलं आणि परत झोपलं.

मग ती हरिचंद्रच्या बायकोकडे गेली. द्रौपदीकाकी भाजी निवडत होत्या.

"काकी, काकांची सुट्टी कधी असायची हो?"

"बेस्तरवारी," काकी म्हणाल्या. जुनी माणसं गुरुवारला बेस्तरवार म्हणतात. "त्या दिवशी अंबरनाथवरून बदलीचा माणूस यायचा. आनि हे जायचे ऋतिकाकडे, आमच्या लेकीकडे, उल्हासनगरला. सेट कमरेलाच. मी म्हनायची, आंगोळीला तरी काडा तो."

नेत्रा त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"कुनाला बोलू नको पोरी," काकींनी आवाज खाली आणला. "ऋतिका सांगते... अजून दर बेस्तरवारी तिच्या टीव्हीत टिकटिक होते. चार वेळा. थांबते. परत चार वेळा."

ती टिकटिक नेत्राला पुरती ओळखीची होती. स्पीकरजवळ सेट असला आणि तो टॉवरला नंबर कळवू लागला, की स्पीकर तशीच टिकटिक करतो. बाहेर येऊन तिने कमलेशला एकच विचारलं. कालच्या दिवसात चव्वेचाळीस-सतरा कुठल्या टॉवरखाली होता? उत्तर आलं, उल्हासनगर.

खरं सांगायचं तर तिला आधी हसू आलं. मेल्यावरही माणूस आठवड्याची सुट्टी सोडत नाही. मग हसल्याचं वाईट वाटलं, आणि मग अंगावर काटा आला, या क्रमाने. गाव दोन वर्षं एका गेलेल्या माणसाच्या हजेरीवर जगत होतं.

वर कळवायला हवं होतं. पण काय कळवणार? तिने साधं लिहिलं, सोनिवलीला नवा सेट आणि माणूस द्या. दोन महिने लागतील, असं उत्तर आलं. आणि वर सूचना, हरवलेल्या सेटचे नंबर यादीतून काढून टाका. कमलेशने ती सूचना फायलीखाली सरकवली.

"काढला तर सातही दिवस भोंगा मुका," तो म्हणाला. "राहू दे त्याला. गुरुवारचं काय पण?"

"गुरुवारी मी बसते माझा सेट घेऊन."

दोन गुरुवार ती आठ वाजल्यापासून ओट्यावर बसली. दहाला भोंगा वाजला. बाबा घरातून चहा पाठवायचे.

तिसऱ्या गुरुवारी जानेवारीतलं दाट धुकं पडलं होतं. नेत्रा सोनिवलीजवळच्या बेलवलीत आपल्या बिल्डिंगखाली स्कूटरला किक मारत होती. गारठ्याने स्कूटर चालूच होईना. पावणेआठला कमलेशचा फोन आला, आवाज कापत होता.

"वायू सुटलाय. वारा सोनिवलीकडे आहे. मी बटण दाबलंय... तू पोचलीस ना?"

तिने किक अजून जोरात मारली. तिचा सेट बेलवलीत, हरिचंद्रची सुट्टी, आणि बाबा धुक्यात एकटे. या तीन गोष्टी तिला एकदम कळल्या. ती आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी मनातल्या मनात विनवत होती, आणि कुणाला ते तिला नीट ठाऊक होतं. काका, आजच्या दिवस या.

धुक्यापलीकडून भोंगा ऐकू आला. पाच सेकंदांचा नाही, लांबलचक, थांबायचं नाव न घेणारा.

"आला," फोनमध्ये कमलेश पुटपुटला. "सात सेहेचाळीसला उल्हासनगर, सात सत्तेचाळीसला सोनिवली... मधे अंबरनाथचा टॉवर लागतो, तिथे नोंदच नाही."

स्कूटर चालू झाली. नेत्रा पोचली तेव्हा गाव ओली फडकी तोंडाला लावून बाहेर पडत होतं आणि बाबा कुणाच्या तरी खांद्याचा आधार घेऊन रस्त्याला आले होते. लोक रीतीप्रमाणे ओट्याकडे चालले होते. नेत्रा थांबली नाही. तिने बाबांना मागे बसवलं आणि तडक बेलवली गाठली. कुणाला सांगितलं नाही, कुणाला विचारलं नाही. जीव घाबरा झाला की माणसाला आपलं माणूस तेवढं दिसतं. गावातलं कुणीही दगावलं नाही त्या दिवशी.

शुक्रवारी सकाळी ती स्वयंपाकघरात बाबांसाठी पेज करत होती. रात्र बरी गेली होती. पावणेदहाला कमलेशचा फोन.

"सोनिवलीला कुणी नाही, नेत्रा. दहाचा भोंगा वाजायचा नाही."

"काल सुट्टीला काम केलं ना," ती म्हणाली, जरा हलक्या मनाने. "बदली रजा घेतली असेल."

"तसं नाही... काल दुपारपासून तो टॉवर बदलतोय. बदलापूर, अंबरनाथ, परत बदलापूर. कुणाला शोधत असल्यासारखा. आणि पहाटेपासून एका जागी थांबलाय."

"कुठे?"

"बेलवली."

बाहेरच्या खोलीत टीव्ही बंद होता. त्याच्या स्पीकरमध्ये टिकटिक झाली. चार वेळा.

"हजर," बाबांचा घोगरा आवाज आला.

टिकटिक थांबली. नेत्राने पेजेखालचा गॅस बंद केला. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, काल ओट्यावर एक नाव आलंच नव्हतं, बाबांचं. ज्याचं येत नाही, त्याला शोधायला जायचं.

ती दारात आली. बाबा पलंगाच्या एका कडेला सरकून बसले होते, उरलेली जागा कुणाला तरी दिल्यासारखे. खोलीत ओल्या फडक्याचा वास भरला होता. स्पीकर पुन्हा वाजू लागला. चार वेळा, थांबून चार वेळा. या वेळी तो थांबेना.

"तुजं नाव घेतंय गो," बाबा म्हणाले.

"माझं? मी कुठे सोनिवलीत..."

"जन्मलीस कुठं? त्याच्या वहीत तुजंबी नाव हाय."

लहानपणी याच बाबांनी तिला शिकवलं होतं, अनोळखी हाकेला ओ देऊ नये. एकदा ओ दिली की हाक मारणाऱ्याला घर सापडतं. तिने घड्याळ बघितलं. दहाला चार मिनिटं होती. हा इथे थांबला तर सोनिवली बहिरी.

"ओ दे गो बाय," बाबा अगदी हळू म्हणाले. "थांबलाय तो..."

तिने फोन कानावरून खाली घेतला. "हजर," ती म्हणाली.

टिकटिक थांबली. वास हळूहळू विरला. हातातल्या फोनमधून कमलेश म्हणत होता, "गेला... सोनिवली. सोनिवलीला पोचला." आणि बरोबर दहाला, "वाजला."

मार्चमध्ये नवा सेट आला, त्याला माणूसही मिळाला. भोंगा आता सातही दिवस वाजतो. कमलेशने चव्वेचाळीस-सतरा यादीतून काढला, त्यालाही वर्ष होत आलं; कुठल्याच टॉवरखाली तो आता दिसत नाही. ऋतिकाचा टीव्हीही शांत आहे.

पण दर गुरुवारी नेत्राच्या टीव्हीत टिकटिक होते. ती हातातलं काम ठेवून "हजर" म्हणते, तेव्हा थांबते. भीती तिला फारशी वाटत नाही. फक्त एक गोष्ट ती कुणाला सांगत नाही. बुधाजी गेल्या पावसाळ्यात गेले, झोपेत, शांतपणे. त्यांचं नाव अजून तिच्या आधी येतं. चार वेळा टिकटिक होते. खोलीत तिच्याशिवाय कुणी नसतं, ती तोंड घट्ट मिटून बसलेली असते. आणि ती टिकटिक थांबते, ओ मिळाल्यावर थांबते तशी.