दोन्ही घरं सारखी

माझा धाकटा भाऊ संगणकवाला. आईला सांभाळायची वेळ आली तेव्हा त्याने हात वर केले आणि बदल्यात काय दिलं, तर एक प्रोग्रॅम. "ताई, घरचे फोटो, आईचे रिपोर्ट, सगळं दोघांच्या संगणकावर सारखं राहील. तुला काही करायला नको." उंटावरून शेळ्या हाकायची त्याची जुनी खोड.

रविवारी सकाळी बघते तर आईचे फोटो गायब. एकूण एक. सेटिंग उघडलं. या शहाण्याने एकतर्फी आज्ञा देऊन ठेवली होती: त्याच्याकडे असेल तेवढंच माझ्याकडे राहणार, जास्तीचं पुसलं जाणार. आईचा एकही फोटो त्याने स्वतःकडे ठेवला नव्हता! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

फोनवर त्याला झाडत होते, तेवढ्यात आईने हाक मारली.

"अगं, माझी खुर्ची कुठे हलवलीस?"

खिडकीपाशी खुर्ची नव्हती. फरशीवर तिचे चार फिकट डाग होते आणि दाराला आतून कडी होती. मी प्रयोगशाळेत रक्त तपासते, दिसल्याशिवाय काही मानत नाही. पण मग आईची काठी गेली. औषधांचा डबा गेला. आई पलंगावर मटार सोलत बसली. मी तिच्यासाठी पाणी घेऊन आले तर ती उघड्या गादीवर होती, खालची चादर नव्हती.

त्याच्याकडे जे नव्हतं, ते सगळं जात होतं. आणि आई त्याच्याकडे नव्हती.

"ते आधी बंद कर!" मी फोनवर ओरडले.

"ताई, डोकं फिरलंय तुझं. संध्याकाळी बघतो."

मेल्याची संध्याकाळ! मीच संगणकापाशी बसले. बंद करायची आज्ञा प्रोग्रॅम ऐकेना, बदल मात्र घेत होता. मी 'एकतर्फी' खोडून 'दुतर्फी' केलं. इथलं तिथे, तिथलं इथे. बटण दाबलं.

लगेच त्याचा फोन आला.

"ताई... आई इथे आलीय. सोफ्यावर मटार सोलतेय. तू आणून सोडलीस?"

मी वळून पाहिलं. आई माझ्या पलंगावर मटार सोलत होती.

मला भीती वाटायला हवी होती. वाटला तो आनंद, सूड उगवल्याचा. "राहू दे," म्हटलं. "तुझीही आईच आहे."

"छे, मला नाही जमायचं. एक आश्रम आहे शहराबाहेर, तिथे सोडून येतो. गाडी काढतोच आता."

"नको! अरे, तिथून घालवलंस तर इथूनही..."

फोन कट झाला होता.

आईने मटारची वाटी बाजूला ठेवली. पाय जवळ घेतले.

"सावकाश चालव रे," ती म्हणाली.

मी तिचा हात घट्ट धरला. खोलीच्या खिडक्या बंद होत्या, पंखा बंद होता.

आईचे केस वाऱ्यावर उडत होते.