बंद न पडलेला गेम

"प्रभूच्या नादाला लागू नको, सिद्धे. सगळ्या पोरींना मदत करत फिरतो तो," अंकितानं मला बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. आम्ही दोघी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला, कुंभारीहून एकाच बसनं कॉलेजला आणि क्लासाला येणाऱ्या. तिचं बोलणं तसंही मी एका कानानंच ऐकायचे.

प्रभु पहिल्यांदा दिसला तो नवी पेठेतल्या कोडिंगच्या क्लासात. एप्रिलचं ऊन... आणि पंख्याखालच्या एकाच खुर्चीवर दोघांचे हात!

"बसा की तुम्ही. मला उकडत नाही," तो म्हणाला. कपाळावरून घाम ओघळत होता नुसता!

क्लासाची रीत मजेशीर होती. सगळ्यांना एकच साधा गेम द्यायचे. ब्राउझरमध्ये वरून सफरचंदं पडतात, खाली टोपली सरकवून ती झेलायची. त्याच गेमचा कोड उघडायचा, त्यात फेरफार करायचे आणि शिकायचं. मी सफरचंदांची डाळिंबं केली. अक्कलकोटचा प्रभु आमच्यासोबतच शिकायचा, पण कुणाचं अडलं की तोच धावायचा. माझ्याकडे आला की मान तिरकी करून बघायचा, एखादा आकडा बदलायचा... "आता बघा." डाळिंबं कापसासारखी तरंगत उतरायची. आणि मी? मी पडद्याकडे बघतच नसायचे.

मग मी शिकले. माझं काही अडेना. आणि प्रभु अंकिताशेजारी दिसू लागला. रोज! कुजबुज, हसणं... मी वळले की दोघं गप्प. मला बजावणारी हीच ना? स्वतःची वाट मोकळी करत होती की काय! बसमध्ये मी तिच्याजवळ बसेनाशी झाले.

"काय झालंय गं तुला?"

"काही नाही. ऊन लागलंय."

एका दुपारी मात्र राहवेना. कोडमधला एक कंस मी मुद्दाम खोडला, सेव्ह केलं आणि अख्ख्या क्लासाला ऐकू जाईल असं ओरडले, "प्रभु, माझा गेम बंद पडलाय!"

तो आला. डाळिंबं टपाटप पडत होती. घाईत मी पान रिफ्रेश करायचंच विसरले होते. पडद्यावर जुनाच, धडधाकट गेम चालू!

"चालतोय की," तो म्हणाला. "लई छान चालतोय."

अंकिता खो-खो हसली. माझे कान तापले. त्यानं कोड पाहिला, कंस गुपचूप परत बसवला. मग अगदी हळू —

"मला बोलवायला गेम कशाला मोडायचा?"

"अंकिताला सोडून आला असता का?"

"अंकिताला?" तो गोंधळला. "तिला तर मी तुमचंच विचारतो. काय आवडतं, घरी कुठं ठरवलंय का... ती म्हणते, धाडस असेल तर स्वतः विचार."

"मग... आहे का धाडस?"

"हौदु," तो कानडीत पुटपुटला आणि लालबुंद झाला. "म्हणजे — हो."

"सिद्धे, लाग आता नादाला!" तिकडून अंकिता ओरडली.

लागले. आता आमची पिंकी आठ महिन्यांची आहे. दात येताहेत, अंग जरा कोमट लागतं, सारखा हात लावून बघते मी. आणि प्रभु दर रविवारी त्याच क्लासात शिकवतो. आफरीन म्हणून एक मुलगी आहे तिथं. "लई हुशार! एकदा सांगितलं की कळतं तिला," तो जेवताना कौतुक करतो. एकदाच सांगावं लागतं, तर मग गेल्या रविवारी एवढा उशीर कसा? त्या रात्री मी भाकऱ्या जरा जोरातच थापल्या.

आज पुन्हा रविवार, आणि तो फोन उचलत नाहीये. पोरीला सोडून मला निघता येत नाही. तुम्ही नवी पेठेकडे जाणार असाल, तर क्लासाचा जिना चढून जरा बघून या ना... मी पाठवलंय म्हणून सांगू नका. त्यानं डबा खाल्ला का, एवढंच बघा. आणि एकट्यानंच खाल्ला ना, तेही.